तोंड दिसेल अशी कल्हई

मोबाइलवर आलेली गोष्ट आमच्या घरात डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा लवकर लागू पडते. एका पावसाळ्यात नवऱ्याच्या फोनवर असाच एक व्हिडिओ आला. कुणी एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस हातात जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, धरून सांगत होता, की यात रांधलेलं अन्न म्हणजे हळूहळू भिनणारं जहर. आपले पूर्वज तांब्या-पितळेत जेवायचे, म्हणून त्यांना दवाखान्याचं तोंड बघावं लागलं नाही. जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. बल्लारपुरात आमच्या मोहल्ल्यात ते नसलेलं एक घर सापडायचं नाही. आमचे पूर्वज दवाखान्यात जात नव्हते कारण दवाखानाच नव्हता, ते घरीच मरत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता भाजी फोडणीला टाकताना रोज सुचतं.

तेव्हा सुचायला डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या एकुलत्या एक लेकीला त्या उन्हाळ्यात कावीळ झाली होती. कावीळ उतरली, पण पोरगी भरून येईना. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू, नीट खाऊ घाला. आम्हाला हळूहळू नको होतं. घरात चार मोठी माणसं आणि एकच लेकरू, म्हणजे त्या लेकराच्या ताटाकडे आठ डोळे. तिनं घास खाली ठेवला की सासूबाई, म्हणजे अम्मा, पदराला डोळे पुसायच्या. नवरा वेल्डिंगच्या दुकानातून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, आज काय खाल्लं. मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत म्हातारी व्हायला लागलेली बाई. घरीच मोहल्ल्यातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. दुसऱ्यांची पोरं पाढे घोकत असताना माझी भिंतीला टेकून बसलेली असायची आणि माझं लक्ष सगळं तिच्या हाडं निघालेल्या मनगटांकडे.

तो व्हिडिओ सासऱ्यांनी बघितला आणि त्यांच्या अंगात वारं भरलं. अब्बा कल्हईवाले. स्टील यायच्या आधी पोंभुर्ण्यापासून पार गोंडपिपरीकडच्या खेड्यांपर्यंत सायकलवर भाता बांधून फिरायचे. गावात शिरून नुसती हाक दिली की बाया घरातलं पितळ-तांबं घेऊन झाडाखाली यायच्या. तांब्या-पितळेला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, नसली तर आंबट पदार्थ कळकतो, हे तेव्हा लहान पोरालाही माहीत होतं. मग स्टील आलं, जर्मन आलं, आणि हाक देऊनही कुणी दार उघडेना. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा भाता माळ्यावर होता आणि अब्बा दारातल्या खाटेवर. त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबायचा, चहाचा कप डाव्या हातानं धरायचे. पोट सारखं दुखायचं. या धंद्यात सगळ्यांचंच असं होतं, त्यांच्या उस्तादाचाही हात असाच होता, असं ते इतक्या सहज सांगायचे की मीही कधी पुढे विचारलं नाही.

“म्या तं सांगतच होतो,” अब्बा व्हिडिओ बघून म्हणाले. “पन बुढ्याचं आयकते कोन? काढा माळ्यावरची देगची. माह्या नातीले कल्हईच्या बर्तनात रांधून घाला, महिनाभरात पाह्यजा कशी पळते तं.”

किती वर्षांनी त्या माणसाचं कुणाला काम पडलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून माळा उपसला. तांब्याची मोठी देगची, दोन पातेली, पाण्याची सुरई, अम्मांच्या लग्नातलं ताट. सगळं हिरवट काळं पडलेलं. अंगणात खड्डा खणला, कोळसा पेटवला, चामड्याला तडे गेलेला भाता नवऱ्यानं रबरानं चिकटवून दिला. अब्बा वाळू टाकलेल्या देगचीत उभे राहिले आणि भिंतीला धरून कमरेत असे गरगर फिरले की अम्मांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. घासलेली देगची विस्तवावर लाल झाली, त्यांनी नवसागराची पूड मारली, कल्हईची कांडी टेकवली, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं पाणी आत फिरवलं. एका फेरीत काळ्या भांड्यात चंद्र उतरला. पोरगी त्या धुरात उभी राहून टाळ्या पिटत होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून उठली होती, म्हणून मीही तिला बाजूला घेतलं नाही.

“तोंड दिसलं पाह्यजे,” अब्बा तिला म्हणाले. “ज्या कल्हईत तोंड नाई दिसत ते कल्हई नोहे. पाह्य, दिसते का तुहं तोंड?”

तिनं वाकून बघितलं आणि जीभ काढून दाखवली. अब्बांनी तिच्यासाठी म्हणून देगचीला आणखी एक हात दिला, जाड.

जर्मनचं सगळं मी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं. आमच्या घरात खट्टी दाळ जवळजवळ रोज होते, चिंचेचा कोळ घालून. लेकीची ती जीव की प्राण. सकाळी रांधायची आणि ती देगचीतच दिवसभर राहायची, कारण व्हिडिओवाला म्हणाला होता की तांब्यात जितकं मुरेल तितका गुण येतो. कुणीतरी सांगितलं की लिंबूपाण्यानं रक्त वाढतं, म्हणून सुरईत लिंबूपाणी. तेही मुरलेलं. पहिले काही दिवस ती खरंच जेवली. आम्ही खूश. अब्बा तर खाटेवरून उठून मोहल्लाभर सांगत फिरले. शेजारणी आपापली भांडी घेऊन आल्या, मग पोंभुर्ण्याकडच्या अम्मांच्या माहेरच्या गावातून बोलावणं आलं. भाता पुन्हा बाहेर पडला. नवऱ्यानं त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. परतले तेव्हा चेहऱ्यावर असं तेज की अम्मा म्हणाल्या, “बुढा जवान होऊन राह्यला.”

दिवाळीच्या सुमारास पोरीचं पोट दुखायला लागलं. दुखायचं म्हणजे गुडघे छातीला लावून गडबडा लोळायची. शौचाला होत नव्हतं. पुन्हा पांढरीफटक पडली. आमच्या भागात लेकरू पांढरं पडलं आणि दुखण्यानं रडलं की आधी सिकलसेलची तपासणी. ती केली. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आनंदानं. मग जंत, मग टायफॉइड, मग रक्तवाढीचं लाल औषध. अम्मांनी नजर काढली, मिरच्या जाळल्या, दर्ग्यावर धागा बांधला. मी चिडले त्यांच्यावर. पण मी काय वेगळं करत होते? पोरगी जितकी सुकायची तितकी आमची खट्टी दाळ दाट व्हायची. ती तोंड फिरवायची आणि मी गाल दाबून चमचा आत घालायची. “खा गं बाई, रक्त वाढते,” असं म्हणत.

त्याहून वाईट पुढेच होतं. पाढे विसरायला लागली. शिकवणीतल्या पोरांनी बाराचा पाढा सुरू केला की ही आधी त्यांच्यापुढे पळायची. आता साताशीच अडायची आणि अडल्यावर पाटी भिंतीवर फेकायची. माझी शांत पोरगी मला चावली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाडानं बिघडली आहे. मी बाईंशी भांडले, घरी येऊन पोरीला मारलं, आणि मग दोघी एकमेकींना धरून बसलो. तिला आपण का रडतोय तेही धड सांगता येत नव्हतं. एका सकाळी तिला शाळेतच झटका आला. तोंडाला फेस, डोळे वर. शिपाई तिला हातांवर घेऊन पळत आला तेव्हा तिचा एक पाय लोंबत होता, अब्बांच्या पंजासारखा.

नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मी रोज दात घासून द्यायची आणि मला वाटायचं जांभळं खाल्ल्याचा डाग, जांभळाचे दिवस नसताना! डॉक्टरणीनं रक्त बाहेर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. उभ्या डॉक्टरची मला सवय होती. बसलेल्या डॉक्टरची भीती वाटली.

“शिसं आहे रक्तात,” ती म्हणाली. “खूप आहे. सुरमा घालता का हिच्या डोळ्यांत?”

मला राग आला. मुसलमान दिसले की सुरमा. पण ती रागानं नव्हती विचारत. घालायचो, ईदेला. मग तिनं विचारलं, घराजवळ बॅटऱ्या फोडण्याचं काम होतं का, रंगाचं होतं का, खेळणी कुठली. मी नाही नाही म्हणत गेले. शेवटी तिनं विचारलं, स्वयंपाक कशात करता?

मी ताठ बसून सांगितलं, “तांब्यात. जर्मन तर आम्ही केव्हाच फेकलं. घरची कल्हई आहे, माझे सासरे स्वतः करतात.”

तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. कल्हईला काय वापरतात ते विचारून घ्या, एवढंच म्हणाली.

मी तिथूनच फोन लावला. अब्बांना आवाज ऐकून आनंद झाला, आधी पोरीचं विचारलं. मी कल्हईचं विचारल्यावर म्हणाले, निखळ कथील आता भेटतेच कुठी बेटा, रेडिएटर झाळणाऱ्याकडून भोकं बुजवायच्या कांड्या आणल्या. त्याच्यात शिसं राह्यते. आणि राह्यलंच पाह्यजे. “नुसतं कथील तुटक तुटक बसते. शिसं टाकलं का सरसर फिरते, चकाकी येते. आमचे उस्तादबी टाकत होते, म्याबी जिंदगीभर टाकलं. काऊन, काय झालं?”

काय झालं ते मी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला कपाळ लावून सांगितलं. जहर आहे ते अब्बा. आंबटात उतरतं. चिंचेत, लिंबात, ताकात. फोन कापला गेला असं वाटलं. मग लांबून कोंबडीचा आवाज आला, म्हणजे चालू होता.

शिसं शरीरातून काढायचं औषध असतं. ते दिलं. झटके थांबले, पोट दुखायचं थांबलं, हळूहळू पायही जागेवर आला. मी डॉक्टरणीला विचारलं, डोकं? आधीसारखं होईल ना? ती म्हणाली, काही परत येईल, काही येणार नाही, किती ते आज सांगता येत नाही. मला तिनं खोटं बोलावं असं फार वाटलं. घरी निघताना तिनं आम्हा सगळ्यांचंच रक्त तपासून घ्यायला सांगितलं, आणि म्हणाली की बाईच्या अंगात हे असलं तर पोटातल्या बाळापर्यंत जातं, गर्भ पडतात, मूल जन्मलं तरी जगेलच असं नाही, तेव्हा पुढचा विचार करताना सांभाळा. तिनं माझ्यासाठी सांगितलं होतं. मला अम्मा दिसल्या.

अम्मांचं एक घर कबरस्तानात आहे, असं मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या. त्यांची कितीतरी बाळंतपणं झाली, जगला एक माझा नवरा. काही पोटातच गेली, काही पाळण्यात. लोकांनी त्यांना काय काय म्हणून घेतलं. हिची नजर लेकरांना लागते म्हणून दुसऱ्यांच्या बारशाला बोलावणंही बंद केलं होतं. अब्बांनी मात्र कधी दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं नाही, ही अम्मांच्या आयुष्यातली एकुलती एक मिरवायची गोष्ट. लग्न झाल्यापासून, अंगणात काम असलं की, त्या अब्बांचा भाता ओढायला बसायच्या, दिवस गेलेले असले तरी. धुरात. आणि अब्बांनी आपल्या बायकोची भांडी कायम सगळ्यांत चकचकीत ठेवली होती.

मी हे कुणाला सांगितलं नाही. घरी आले तर अब्बा दारात उभे, अंगात बाहेर जायचे कपडे. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले आणि मध्येच हात मागे घेतला. मग मला म्हणाले, “चाल. ज्यायच्या ज्यायच्या घरची केली, सबन वापस आनाची हायेत.”

स्कूटीवर त्यांना मागे बसवून मी निघाले. मोहल्ल्यातल्या काहींनी ऐकलं, काहींनी दार लावून घेतलं. अम्मांच्या माहेरच्या गावात धानाची मळणी सुरू होती. एका घरच्या चुलीवर आमची कल्हई केलेलं पितळेचं भगोनं, त्यात अंबाडीची आंबट भाजी रटरटत होती आणि बाजूला एक रांगतं लेकरू. अब्बांनी हात जोडले. बाई, या भांड्यातलं फेका, याच्यात जहर हाये, म्याच घातलं.

घरची बाई हसली. “कायचं जहर भाऊ? माही सासू याच्यातच रांधत होती, बुढी होऊन मेली. तुमचं डोकं नाई ना फिरलं?”

तिला वाटलं म्हाताऱ्याला भांडंच पाहिजे. मी समजावलं, माझ्या पोरीचे फोटो दाखवले, डॉक्टरांना दाखवायला काढलेला झटक्याचा व्हिडिओ दाखवला. तिचा नवरा शेतातून आला, त्यानं फोनवर तोच गुळगुळीत माणूस काढून माझ्यासमोर धरला. हे पाह्य, म्हणाला, हा काय खोटं बोलून राह्यला? माझ्याकडे माझी पोरगी होती, त्याच्याकडे व्हिडिओ होता, आणि व्हिडिओ जिंकला. निघताना अब्बांनी जमिनीवर बसून त्या लेकराच्या तोंडातलं भाजीनं माखलेलं बोट आपल्या सदऱ्याला पुसलं. बाईनं लेकरू उचलून आत नेलं. ते भगोनं अजून तिथंच आहे. मी त्या गावावरून गेले की स्कूटी हळू करून ते लेकरू दिसतं का बघते.

जी भांडी परत आली ती आम्ही कुणाला विकली नाहीत, मोडीतही दिली नाहीत, कारण मोडीतून ती पुन्हा कुणाच्या तरी चुलीवर गेली असती. परसात खोल खड्डा करून पुरली. नवरा खड्डा बुजवत होता, अब्बा बाजूला बसून होते. अम्मा आल्या. त्यांच्या लग्नातलं ताट सगळ्यांत वर होतं. त्याच्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ टाकलं का विचारावं तसं.

“बहू, माह्या लेकरायलेबी हेच झालं काय?”

मी तोंडाळ बाई. मला कधी उत्तर कमी पडत नाही. मी म्हटलं, “नाही अम्मा. तेव्हाचं कथील चांगलं होतं.”

“खोटं नोको बोलू बेटा,” अब्बा म्हणाले. मग अम्मांकडे न बघता म्हणाले, “तवाबी टाकतच होतो. तुह्या बर्तनात जरा जास्तच टाकत होतो. चमक याले पाह्यजे म्हणून.”

नवऱ्याचं फावडं थांबलं. अम्मांनी वाकून ताटावरची माती पुसली.

“तुमाले मालूम होतं काय?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“मंग उठा. हात धुवा. जेवाले चाला.”

त्या आत गेल्या, पण जेवल्या नाहीत. त्यानंतर दर शुक्रवारी त्या कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत जातात आणि बाहेर उभ्या राहून परत येतात. पूर्वी दुआ मागायला जायच्या. आता कशाला जातात ते मी विचारत नाही. मला विचारायची हिंमत नाही. माझा राग कुणावर काढू तेही मला कळत नाही. अब्बांवर निघत नाही, स्वतःवर काढून काढून संपला, आणि तो गुळगुळीत माणूस रोज नव्या भांड्याबद्दल बोलतोय.

पोरगी शाळेत जाते. एक वर्ग मागे बसवली आहे. पाढे पाच-सहापर्यंत येतात, सकाळी आलेले संध्याकाळी जातात. पण डोळ्यांनी पाहिलेलं जुनं तिला लख्ख आठवतं, नवीन टिकत नाही. त्यामुळे रोज शाळेतून आली की दप्तर टाकते आणि स्टीलच्या पातेल्यातल्या दाळीत डोकावून बघते. मग अब्बांच्या खाटेजवळ जाते आणि विचारते.

“आबा, आपली चमकनारी देगची कुठी गेली? तुमी माह्यासाठी केली होती ना? माहं तोंड दिसत होतं तिच्यात.”

“खराब झाली बेटा.”

“कोनं केली खराब?”

मी कितीदा म्हटलं, अब्बा, सांगा काहीतरी दुसरं, चोरानं नेली म्हणा. तिला उद्या आठवणारही नाही. ते ऐकत नाहीत. लोंबता हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघून सांगतात.

“म्याच केली.”

ती मान डोलावते, त्यांच्या गालावरून हात फिरवते, खेळायला पळते. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि पुन्हा विचारते.